मलिदा कुठे लिहिलाय, तात्या?

तात्या, तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी तुमच्याच ओट्यावर तुमच्या मुलाशी भांडले. चांगली आवाज चढवून भांडले. पलीकडच्या भानुदासरावांनी नीट ऐकू यावं म्हणून मोटर बंद केली. दुःखाच्या घरात असं वागू नये हे मलाही कळतं. पण भांडण तुमचं होतं आणि ते चालवायला तुम्ही नव्हता, तेव्हा वकीलपत्र नसतानाच मी उभी राहिले.

भांडण मलिद्यावरून झालं. सातव्या दिवशी तुमच्या नावाने घरात पोह्या-गुळाचा मलिदा व्हावा अशी काकूंची, तुमच्या मंडळींची, इच्छा होती. योनातान म्हणाला, मलिदा होणार नाही. का, तर तो कुठल्याही ग्रंथात लिहिलेला नाही.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, तेवढा वेळ तुम्ही पेपर वाचा. हे आमचे एझ्रातात्या. बेने इस्राएली, म्हणजे कैक पिढ्यांपूर्वी कोकण किनाऱ्याला लागलेले मराठी ज्यू. तरुणपणी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला म्हणून घाट चढून आले आणि भवानीनगरचेच झाले. नाव हिब्रू, आडनाव कोकणातलं आणि बोलणं पक्कं इंदापुरी. गावात कुणी त्यांना एझ्रा म्हटलं नाही, सगळ्यांचे ते इजराराव. मी मूळची लासुर्ण्याची, इंदापूरच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवणारी आणि तुमची भिंतीला भिंत लागून शेजारीण.

आपली ओळख सहीवरून झाली. एका कामासाठी मला साक्षीदार हवा होता म्हणून मी तुमच्याकडे आले आणि पेन पुढे केलं. तुम्ही हात मागे घेतलात. म्हणालात, "आज न्हाय, वकीलबाई. आज शनवार. शनवारी आमी लिवत न्हाय."

मी वैतागले होते. फाडकन विचारलं, "असं कुठं लिहिलंय?"

तुमचा चेहरा असा फुलला की मला वाटलं माझ्या मागे कुणी जुना मित्र येऊन उभा राहिलाय. "बसा बसा. अवं, ह्योच प्रश्न पायजे हुता मला! त्यो इचारणारं मानूस ह्या गावात मिळंना."

मग तुम्ही मला समजावत बसलात. तोरा म्हणजे तुमचा मूळ धर्मग्रंथ. त्यात शनिवारी काम करू नका एवढंच आहे, काम म्हणजे काय ते सांगितलेलंच नाही. मग पुढच्या पंडितांनी पाहिलं की शनिवारच्या आज्ञेला लागूनच देवाच्या मंडपाच्या बांधकामाचं वर्णन येतं. त्यांनी म्हटलं, हे शेजारी उगाच नाहीत. मंडपाला जी जी कामं लागली ती ती शनिवारी बंद. पेरणी, कापणी, विणकाम, लिहिणं. आणि लिहिणं म्हणजे किती? तर दोन अक्षरं. एका अक्षराला काम म्हणत नाहीत.

"म्हणजे कायदा एक ओळीचा आणि त्याखालची नियमावली बैलगाडीभर," मी म्हणाले.

"व्हय. आन नियमावलीचा मान कायद्यायेवढाच. एक लिवलेली तोरा, एक तोंडी. दोन्ही एकाच डोंगरावर मिळाल्या असं आमी मानतो."

"तोंडी पुरावा मी मानत नाही."

"मग पुढच्या शनवारी या," तुम्ही म्हणालात.

आले. येतच राहिले. तुमच्या लोकांत एकट्याने ग्रंथ वाचायचा नसतो, समोर कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे तुमचा पुण्याचा चुलतभाऊ होता, तो इस्राएलला निघून गेला होता. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर तुम्ही एका लासुर्ण्याच्या पाटलिणीला बसवलंत. तुम्ही वाचायचं, मी आडवं लावायचं. काकू आदल्या संध्याकाळी थर्मासात भरून ठेवलेला चहा ओतायच्या. शनिवारी तुमच्याकडे चूल पेटत नाही, त्यामुळे त्या चहाची चव कशी होती यावर मृत माणसासमोर बोलू नये.

एकदाच मी तुमचं म्हणणं लगेच मान्य केलं. डोकं दुखत होतं, म्हटलं, "बरोबर आहे तात्या." तुम्ही पुस्तक मिटलंत. "नुस्ती मान हलवायला नंदीबैल आणला असता की दारात! घरी जा, निजा, बरं वाटलं की भांडायला या." मी गेले आणि खरंच निजले.

तो उसाचा शनिवार आठवतो? गाळपाचे दिवस होते, रस्त्याने ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर चालले होते. तुम्ही उसाची कांडी हातात घेऊन तोंडात न घालता बसला होता. तोंडात काही घालण्याआधी तुम्ही लोक आभार मानता. झाडाच्या फळाला एक प्रार्थना, जमिनीतून उगवलेल्याला दुसरी, आणि बाकी सगळ्याला तिसरी. उसाला कुठली? तुम्ही म्हणालात, जुने पंडित उसाच्या साखरेला जमिनीची प्रार्थना म्हणायचे, काही जण झाडाची. मग मिसर देशात एक मोठा वैद्य आणि पंडित झाला. तो एकटा उभा राहिला आणि म्हणाला, हे फळच नव्हे, ह्याला तिसरीच.

"एकटा? बाकी सगळे विरोधात असताना?" मी सोसायटीच्या सभांना बसलेली बाई, मला हे पटणं शक्यच नव्हतं. "ऊस गवताच्या जातीचा आहे. गवत जमिनीतून येतं. प्रश्न मिटला. हवं तर शेतकऱ्याला विचारा."

तुम्ही लगेच कुंपणावरून हाक मारलीत. "भानुदासराव! ऊस झाड हाय का गवत?"

भानुदासराव विचार करून म्हणाले, "ते मला न्हाय म्हाइत. तोडीला आलाय येवढं म्हाइत हाय."

तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग म्हणालात, शेवटी त्या एकट्याचंच चाललं, आज सगळे तिसरीच म्हणतात. पण त्याने स्वतःच्या मताच्या आधी बाकीच्यांची मतं आपल्याच हाताने लिहून ठेवली. "नेम तिसरीचा, म्हणून मी तिसरीच म्हणतो. पर मनातल्या मनात सांगतो देवाला, ह्यो आमच्या जमिनीतला हाय बरं का." आणि कांडी कडाकडा सोललीत.

दुसरी गोष्ट मला फार आवडायची, आणि मी ती आवडीने सांगायला लागले की तुम्ही अडवायचात. एका भट्टीवरून पंडितांत वाद पडतो, ती शुद्ध की अशुद्ध. एकजण एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. तो एकटा म्हणतो, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल, आणि झाड जागचं हलतं. पाणी उलटं वाहतं. भिंती कलतात. शेवटी आकाशातून आवाज येतो की हाच बरोबर आहे. तेव्हा दुसरा एक पंडित उठून म्हणतो, कायदा आता आकाशात राहिलेला नाही, तो आम्हाला दिलाय आणि आम्ही बहुमताने चालतो. देव हसतो, म्हणतो, पोरांनी मला हरवलं.

"वा!" मी म्हणायचे. "याला म्हणतात लोकशाही."

"फुडचं सांगा की," तुम्ही म्हणायचात. पुढचं मला आवडत नसे. पुढे ते जिंकलेले लोक त्या हरलेल्याला वाळीत टाकतात. तो जमिनीवर बसून रडतो, आणि त्याची नजर पडेल ते जळून जातं. "निकाल बरूबर हुता, वकीलबाई. पर हरलेल्याला घराभायेर काढला, तितं ते चुकलं. आमच्या तल्मुदानं, पंडितांच्या वादांच्या ह्या पोथीनं, जिंकलेल्यांची ही चूकबी लिवून ठिवली, म्हणून मी त्याला मानतो." मी दाव्यात हरलेल्या माणसाचा विचार कधी केला नव्हता. आता कोर्टाच्या पायऱ्यांवर समोरची बाजू बसलेली दिसली की करते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग मलिदा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीला झालं, तुम्ही घरी आलात आणि काकूंनी नवस फेडला. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, कडेने फळं लावलेली आणि एक गुलाब. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने गाणं. मी "मलिदा" ऐकून कचेरीतल्या मलिद्यावरून एक चावट शेरा मारला, तुम्ही हसलात. मग सवयीने विचारलं, "हे कुठं लिहिलंय?"

त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हाला उत्तराला वेळ लागला. "कुठंच न्हाय," तुम्ही म्हणालात.

तिथून आपला खरा दावा सुरू झाला, आणि तो शेवटपर्यंत चालला. तुम्ही म्हणायचात, आमचं गलबत कोकणात फुटलं, माणसं वाचली, पुस्तकं बुडाली, असं आमचे सांगत आले. कैक पिढ्या आमच्याकडे ग्रंथच नव्हता. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. एक छोटी प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती, आणि एलियाहूचा मलिदा. पुढे बाहेरचे शिकलेले आले, ग्रंथ आले. "आता सांगा वकीलबाई, जवा पुस्तक नव्हतं तवा आमचा शनवार कुनाच्या हुकमानं पाळला? पुस्तकाच्या, का आज्जीच्या?"

"सातबाऱ्यावर चुकीचं नाव पन्नास वर्षं राहिलं म्हणून ते बरोबर होत नाही," मी म्हणायचे.

"नाव ऱ्हाऊ द्या. जमीन कसतंय कोन ते सांगा. तुमचा कूळकायदा काय म्हंतो?"

माझाच कायदा माझ्यावर उलटवल्यावर मी चिडून उठायचे आणि पुढच्या शनिवारी नवा मुद्दा घेऊन यायचे. खरं सांगू? आठवडाभर कोर्टात मी पैसे घेऊन भांडायचे. तुमच्याशी भांडताना मला मी शहाणी वाटायचे.

तुम्ही गेलात ते अगदी अचानक. सकाळी छातीत दुखलं, बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत, दुपारपर्यंत पुण्याला नेलं, तिथे तुमच्या लोकांची दफनभूमी आहे. योनातान इस्राएलहून निघाला पण पोचू शकला नाही. तो दोन दिवसांनी आला तेव्हा ओट्यावर चपला काढताना खाली वाकला आणि तसाच राहिला. काकूंनी हात धरून आत नेला.

मग तो शर्टाची कॉलर फाडून, दाढी न करता, जमिनीवर बसला. घरातले आरसे झाकलेले. तुमचं ते जाड पुस्तक कपाटावर होतं, मी हात लावायला गेले तर म्हणाला, "मावशी, ऱ्हाऊ द्या. सात दिवस वाचायचं न्हाय. वाचनं म्हंजी आनंद, आन आनंद आता चालत न्हाय." वाचणं बंद, कारण त्यात आनंद आहे. तुमच्यासारख्या माणसाच्या घरात याहून मोठं सुतक ते कोणतं?

सहाव्या दिवशी दुपारी काकूंनी मलिद्याचं काढलं आणि त्याने नाही म्हटलं. तिकडे तो रोज संध्याकाळी अभ्यासाला बसतो, तुमच्यापेक्षा चार पुस्तकं जास्त वाचलेला आहे. पण बोलतो अजून भवानीनगरच्या शाळेतल्यासारखंच. "मावशी, ह्ये कुठं लिवलंय तेवढं मला दावा. पोहं, गूळ, फळं ताटात मांडायची, हे आपण शेजाऱ्यापाजाऱ्याचं बघून उचललंय. म्हंजी वाईट न्हाय. पर लिवल्यालं न्हाय."

तात्या, ती माझी वाक्यं होती. शब्दाला शब्द. मी इतकी वर्षं तुमच्यावर फेकलेली वाक्यं तुमच्या मुलाच्या तोंडून माझ्या अंगावर आली आणि मी चक्क तुमची वाक्यं उचलून उभी राहिले. आज्जी काढली, घाणे काढले, कूळकायदा काढला. तो म्हणाला, जमीन कसल्याने देवाचा कायदा बदलत नाही. मी म्हणाले, तुझ्या पंडितांनी उसावरून एकमेकांची मतं खोडून काढली तरी जपून ठेवली, आणि तुला तुझ्या बापाचं एक मत जपता येत नाही? आवाज चढला तो इथे. पुस्तक उघडायचं नव्हतं, त्यामुळे दोघंही आठवेल ते ठोकत होतो. तुम्ही असता तर खुर्ची पुढे ओढून बसला असता.

मग तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, मला माती द्यायला मिळाली न्हाय. आता बाबांसाठी मला येकच गोष्ट करता येती, जे काय करायचं ते नेमानं करायचं. त्यात चूक नको माझ्या हातनं."

 मग तोच पुढे म्हणाला, "आन तुमी बाबांच्या बाजूनं भांडताय. तुमचं सोत्ताचं मत काय?"

"तुझ्यासारखंच," मी म्हणाले. "परवापर्यंत. पण तुझे बाबा आता बोलू शकत नाहीत, आणि त्यांची बाजू कुणीच मांडली नाही असं व्हायला नको."

तो पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. मी ओट्यावर बसून राहिले. रडले. मग चपला घालून जायला निघाले, तर तो दारात आला. त्याच्या बोटांना वेलदोड्याचा वास येत होता.

आत काय झालं ते मला नंतर समजलं. आम्ही बाहेर ग्रंथ आणि कायदा करत होतो तेव्हा काकूंनी निकालाची वाट पाहिलेली नव्हती. पोहे चाळून झाले होते, नारळ फोडून खोवायला घेतला होता. मुलगा आत आल्यावर त्यांनी मान वर न करता त्याच्यापुढे वेलदोड्यांची वाटी सरकवली. "सोल," म्हणाल्या. आणि तो बसून सोलायला लागला.

"मावशी," तो दारात उभा राहून म्हणाला, "येक नेम हाय. मला इतका वेळ कसा आठवला न्हाय कुणास ठावं. पंडितांचं येकमत हुईना, तर भायेर जायाचं आन लोकं काय करत्यात ते बघायचं. लोकं करत्यात त्योच कायदा. मी भायेर न्हाय गेलो, आत गेलो. आई कुनाला इचारत न्हाय."

"कुठं लिहिलंय?" माझ्या तोंडून गेलं.

"तल्मुदात. येका ठिकाणी न्हाय, दोन-तीन ठिकाणी हाय."

मी ओट्याच्या पायरीवर खाली बसले. असा नियम होता? लिहिलेला? मी ज्याला लिखित पुरावा म्हणते तसा? मी आज्जी मानत नव्हते, घाणे मानत नव्हते. पण हे एक वाक्य दाखवलं असतं तर माझा दावा पहिल्याच शनिवारी निकाली निघाला असता.

"तात्यांना हा ठाऊक नव्हता?" मी विचारलं.

योनातान म्हणाला, "त्यांनीच शिकवला मला. मी सातवीत हुतो तवा."

आतून खोवणीचा आवाज थांबला. काकू म्हणाल्या, "मी तर कवाधरनं म्हणत हुते, सांगून टाका की त्या बाईला. तर म्हणायचं, न्हाय गं. ह्यो नेम सांगितला की वाद मिटंल, आन वाद मिटल्यावर वकीलबाई कशाला येत्यात?" आणि पुन्हा खोवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मलिदा झाला. पुण्याहून तुमची माणसं आली, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ते भरले. योनातानने गाणं म्हटलं, मध्येच त्याचा आवाज गेला तेव्हा काकूंनी पुढचं कडवं मराठीत उचललं. भानुदासराव आपल्या बागेतली केळी घेऊन आले होते. मला काकूंनी बाहेर ओट्यावर नाही, आत ताटाशेजारी बसवलं. मूठभर मलिदा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो कुठलाही प्रश्न न विचारता खाल्ला. गोड होता. खोबरं जरा जास्त झालं होतं.

त्या नियमावर माझा आक्षेप आहे बरं का, तात्या. लोक काय करतात ते बघायचं, मान्य. पण कुठले लोक? योनातानच्या गावात मलिदा कुणी करत नाही, तिथे गेलेल्या माणसाने कुणाकडे बघायचं? आणि लोकांनी उद्या करणं सोडलं तर? मुद्दा बिनतोड आहे, तुम्ही अडकला असता. आज शनिवार. मी तो मनात घोळवत सकाळपासून घरात फिरते आहे.

एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं. हुकमाचं पान हातात धरून तुम्ही इतकी वर्षं मला जिंकू देत बसलात, ते कशासाठी हे आता कळलं, आणि कळल्यापासून मला तुमचा रागही येतो आणि रडूही येतं. तुम्ही उगाच घाबरलात हो. पान टाकायचं होतंत. मी हरले असते, तरी पुढच्या शनिवारी आले असते.